हमता पास, भाची आणि माझं एक्सेल शीट

तयारीचे दिवस

खरं तर ही ट्रिप मनालीला नाही, एका एक्सेल शीटमध्ये सुरू झाली. मी नोकरीत दिवसभर तेच करतो, त्यामुळे पहिल्यांदा हिमालयात जायचं ठरल्यावर दुसरं काय सुचणार. नऊ दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळचे रकाने, आणि त्यात काय काय कोंबलं होतं बघा: बियासमध्ये राफ्टिंग, सोलंगला पॅराग्लायडिंग, रोहतांग, मणिकरण, मधे चार दिवस हमता पास या खिंडीचा ट्रेक, चंद्रताल तळं, आणि जमलं तर कसोल. बायको म्हणाली रंग छान दिलेत. ऑफिसातला एक मित्र बरीच वर्षं हिमालयात जातोय, त्याला दाखवलं तर त्याने दोन मिनिटं स्क्रोल केलं आणि एकच विचारलं, "यात दम खायचा रकाना कुठाय?"

मग त्याने माझ्यादेखत राफ्टिंग, पॅराग्लायडिंग, मणिकरण, कसोल आणि रोहतांग उडवलं. ट्रेकच्या आधी मनालीत एक पूर्ण दिवस घातला आणि ट्रेकच्या नंतर एक दिवस चक्क रिकामा ठेवायला लावला. रिकामा म्हणजे रिकामा, त्यात काही लिहायचं नाही. सुट्टी टाकून, हॉटेलचे पैसे भरून काहीच करायचं नाही हे मला पटेना, पण त्याच्यापुढे बोलायची माझी लायकी नव्हती कारण माझा अनुभव सिंहगड, राजगड आणि एकदा कळसूबाई. त्याने तिथेच हिशोब घातला: कळसूबाई १६४६ मीटर, मनाली साधारण २०५०. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्या चारशे मीटर वर तू हॉटेलच्या गादीवर लोळत असशील, आणि खिंड आहे ४२७० ला. मी गप्प बसलो.

हमताच का, तर चार दिवसांत होतो, नवख्यांना झेपतो, आणि एका बाजूने कुल्लूच्या हिरव्या खोऱ्यातून चढून दुसऱ्या बाजूला लाहौलच्या उघड्याबोडक्या डोंगरांत उतरता येतं. सीझन जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. जूनमध्ये खिंडीत बर्फ भरपूर पण चंद्रतालचा रस्ता उघडेल याची खात्री नाही, जुलै-ऑगस्टमध्ये फुलं आणि हिरवळ पण कुल्लूच्या बाजूला पाऊस आणि दरडी, सप्टेंबरमध्ये आकाश स्वच्छ पण रात्री कडाक्याची थंडी. आम्ही जूनचा शेवटचा आठवडा धरला, कारण भाचीला बर्फ हवा होता.

हो, भाची. ताईची मुलगी, वय चौदा, शाळेच्या टीममध्ये ८०० मीटर धावते. तिने आमचं बोलणं ऐकलं आणि मामा मी पण मामा मी पण करून डोकं खाल्लं. ताईने परवानगी दिली पण एका अटीवर, "तिला काय झालं तर मला तोंड दाखवू नकोस." ताई हसत म्हणाली होती, पण पुढे एका रात्री मला हेच वाक्य आठवत बसायचं होतं.

फिटनेससाठी तीन महिने रोज जिने आणि एकाआड एक दिवस पाच किलोमीटर पळणं. भाचीला त्यात गंमत वाटायची, ती माझ्याभोवती गोल फिरत पळायची. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी बीपी बघितलं आणि मग विचारलं सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का कोणाला. बायकोला आहे. म्हणजे तिला डायमॉक्स, उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी, नाही. मित्रांकडून ऐकून मेडिकलमधून पाकीट उचलणाऱ्यांपैकी मी होतो, त्यामुळे ही भेट झाली ते बरंच झालं.

सामानाचं जास्त लिहीत नाही. दोनच गोष्टी. एक, जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवा, सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेतो. एका जाड जॅकेटपेक्षा आत घाम सुकवणारा पातळ थर, वर फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, असे थर चालतात, चढताना काढायचे आणि थांबलं की चढवायचे. दोन, बूट महिनाभर आधी घेऊन रोज वापरा. मी ऐकलं. बायकोने नवीन बूट जायच्या आठवड्यात घेतले, मी काय बोलणार.

दिवस १ आणि २: रेल्वे, मग बस

पुणे ते दिल्ली रेल्वे, दिल्ली ते मनाली रात्रीची व्होल्वो. बस मंडीच्या पुढे वळणांना लागली तशी मागच्या सीटवरून पिशव्या मागायला सुरुवात झाली. उलटीची गोळी बसमध्ये चढायच्या आधी घ्यायची असते, पिशवी हातात आल्यावर नाही.

दिवस ३: मनाली, काहीही न करणे

सकाळी दहाला हॉटेलवर. मला लगेच बाहेर पडायचं होतं पण मित्राची ताकीद होती की हा दिवस शरीराला द्यायचा. संध्याकाळी हिडिंबा देवीच्या मंदिरात गेलो, देवदारांच्या दाट बनात उभं असलेलं लाकडी, तीन उतरत्या छपरांचं मंदिर, १५५३ सालचं. आपल्याकडच्या दगडी देवळांची सवय, त्यामुळे देऊळ असंही असतं हे बघायला बरं वाटलं. आवारात याकवर बसून फोटो काढणाऱ्यांची रांग देवीच्या रांगेपेक्षा मोठी होती.

मॉल रोडवर एटीएममधून कॅश काढून ठेवली, पुढे ट्रेकभर ना एटीएम ना नेटवर्क. ताईला फोन करून सांगितलं की चार दिवस फोन लागणार नाही, आणि फोन लागला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समज. ती म्हणाली हे कुठलं लॉजिक.

दिवस ४: जोबरा ते चिका

प्रीणी गावापासून जीप घाटाला लागते आणि एकामागे एक चाळीसेक वळणं घेत जोबराला पोचवते. हा रस्ता मुळात ट्रेकर्ससाठी नाहीच, तो अलाइन-दुहांगन जलविद्युत प्रकल्पासाठी झाला, १९२ मेगावॅटचा. धरणाजवळ उतरलो तेव्हा उंची साधारण तीन हजाराच्या आसपास, आणि पायी चालायला सुरुवात.

पहिला दिवस इतका सोपा की फसवतो. भोजपत्राची झाडं, राणी नाल्याचं पाणी शेजारी खळाळत, मधेच गद्दी मेंढपाळांचे कळप. हे लोक उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन हीच खिंड ओलांडून लाहौलच्या कुरणांकडे जातात, म्हणजे आम्ही ज्याला अ‍ॅडव्हेंचर म्हणत होतो ती त्यांची नेहमीची वाट. एक म्हातारे बाबा खांद्यावर कोकरू टाकून आमच्या पुढे निघून गेले, पायात साधे रबरी बूट. माझ्या बुटांच्या किमतीचा मी त्या दिवशी परत उल्लेख केला नाही.

भाची सगळ्यात पुढे. गाईड दर दहा मिनिटांनी ओरडायचा, "धीरे, दीदी, धीरे." दीदी ऐकतेय कसली. दोन-अडीच तासांत चिका, उंची ३१०० च्या आसपास, आणि मॅडम आमच्या आधी अर्धा तास पोचून मॅगी खात बसलेल्या.

टॉयलेट टेंटबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतो. छोटा उभा तंबू, आत खड्डा, बाजूला माती आणि खुरपं. कागद खड्ड्यात टाकायचा, ओले वाइप्स टाकायचे नाहीत, ते कुजत नाहीत, परत न्यायचे. बायकोने सगळ्यासाठी झिपची पिशवी वेगळी आणली होती आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या निम्म्या बायका तिच्याकडे पिशव्या मागायला आल्या.

दिवस ५: बालू का घेरा

आज चढ. झाडं हळूहळू खुजी होत गेली आणि मग संपलीच. दुपारी बालू का घेराला पोचलो, नावाप्रमाणे खरंच वाळूचा सपाट पट्टा, चहूबाजूंनी डोंगर, उंची ३६०० च्या आसपास. कालच्यापेक्षा झोपायची जागा एकदम पाचशे मीटर वर. तीन हजाराच्या वर गेलं की एका रात्रीत झोपायची उंची साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये म्हणतात, आणि आम्ही बरोब्बर त्या काठावर.

भाची आजही पळतच आलेली. चार वाजता ती तंबूत जाऊन पडली. मी म्हणालो दमली असेल. सहा वाजता सूप आलं तर नको म्हणाली. ही मुलगी सूप नको म्हणते तेव्हा काहीतरी गडबड असते.

"डोकं दुखतंय का?"

"थोडंसं. दुपारपासून. सांगितलं असतं तर तुम्ही मला खाली पाठवलं असतं."

मी चिडलो, मग माझा मलाच राग आला, कारण तिला वर घाई करू नको असं गाईड सांगत होता आणि मी मागून कौतुकाने व्हिडिओ काढत होतो. गाईडने ऑक्सिमीटर लावला, ८७ आलं. घरी हा आकडा दिसला तर आपण अँब्युलन्स बोलवू, तो म्हणाला या उंचीवर इतकं असतं, नुसत्या आकड्यावर जाऊ नका, ती बोलते कशी, चालते कशी ते बघा. तिला सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला लावलं. चालली नीट. मग त्याने जे सांगितलं ते असं: धावणाऱ्या पोरांना हे होत नाही असं काही नाही, उलट ती जोरात चढतात म्हणून जास्त सापडतात. दम चांगला असणं वेगळं आणि कमी ऑक्सिजनची सवय होणं वेगळं, ते शरीर आपल्या वेळेने करतं. डोकेदुखी असताना आणखी वर जायचं नाही. रात्री वाढली, उलट्या सुरू झाल्या किंवा तोल जायला लागला तर अंधारात का होईना पण खाली न्यायचं. सकाळी पूर्ण बरी असेल तरच पुढे.

त्या रात्री मी फारसा झोपलो नाही. डोक्यात नवा प्लॅन पक्का करत होतो: सकाळी दुखत असेल तर मी तिला घेऊन एका पोर्टरबरोबर जोबराला उतरणार, बायको पुढे खिंड करणार. बायकोला हळूच सांगितलं तर म्हणाली, "उलटं कर, मी उतरते, तुझं शीट आहे." आणि तिच्या टाचेला मोठा फोड आलेला, नव्या बुटांचा, तो तिने दोन दिवस आम्हाला सांगितला नव्हता. म्हणजे या तंबूत लपवाछपवी फक्त भाचीनेच केली होती असं नाही.

दर तासाला टॉर्च लावून भाचीकडे बघायचो. तीन वाजता वैतागून म्हणाली, "मामा, झोपू दे ना."

दिवस ६: खिंड

पहाटे साडेचारला उठली ती भूक लागली म्हणून. डोकं दुखत नव्हतं. दोन पराठे खाल्ले. गाईडने परत एकदा चालायला लावलं, गप्पा मारल्या, आणि मग म्हणाला चलो, पर आज दीदी मेरे पीछे, आगे नहीं. आख्खा दिवस तिने त्याच्या बुटांच्या टाचा बघत चालायचं होतं. बाईसाहेब चालल्या. मला वाटतं तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात अवघड गोष्ट असेल.

वाळूचा पट्टा संपला की बर्फ सुरू. बुटांना मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बर्फावर पकड देणारे लोखंडी दात, बांधले. सकाळी बर्फ कडक असतो म्हणून चालणं सोपं, ऊन चढलं की गुडघ्यापर्यंत पाय आत जातो, म्हणूनच इतक्या लवकर निघतात. चार पावलं, थांबा, श्वास. खिंडीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. सिंहगड मी न थांबता चढतो हे मी तीन महिने सगळ्यांना सांगत होतो, इथे वीस पावलं न थांबता झाली तर मोठी गोष्ट.

अकराच्या सुमारास वर. मागे कुल्लूचं खोरं, ढग आणि हिरवं. पुढे लाहौल, ढग गायब, झाड म्हणून एक नाही, तपकिरी-राखाडी डोंगर आणि त्यावर बर्फाचे पट्टे. पीर पंजालची रांग पावसाळी ढग अडवते म्हणून पलीकडे पाऊस जवळजवळ पोचतच नाही, हे मी वाचलेलं, पण मधे दहा पावलांची जागा आणि दोन्हीकडे दोन वेगळे देश असल्यासारखं दिसेल हे काही वाचून कळत नाही. बाजूला इंद्रासन, ६२२१ मीटर. भाची पाच मिनिटं काही बोलली नाही, ही पण नोंद करण्यासारखी गोष्ट.

उतार मात्र वाईट. बर्फावरून बसून घसरत आलो तेवढीच मजा, मग गुडघ्यांची वाट. जायच्या आधी पायाची नखं कापा, मी नाही कापली, उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला आपटून आपटून नख काळं पडलं आणि परत आल्यावर पडलंच. आणि सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूला, हनुवटीखाली पण लावा, कारण बर्फावरून ऊन खालून येतं. आम्ही तिघंही वरून गोरे आणि खालून भाजलेले.

मुक्काम शिया गोरूला, ३९०० च्या आसपास. वारा इतका की तंबू रात्रभर फडफडत होता. पॉवर बँक आणि कोरडे मोजे स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, थंडीत बॅटरी बसते. भाचीचं डोकं? नाही दुखलं. मी चार वेळा विचारलं.

दिवस ७: छत्रू, आणि नाला

सकाळी बूट काढून नदी पार करायची. पाणी हिमनदीचं, पहिल्या तीन सेकंदांत पाय दुखतात आणि मग पायच नसतात. सगळ्यांनी साखळी करून, हात धरून. पुढे उतरत उतरत चंद्रा नदीकाठी छत्रू, साधारण ३३६० मीटर. टेबलावर बसून राजमा-चावल खाताना पलीकडच्या टेबलावरचा मुलगा भात जरा कच्चा आहे म्हणाला, तर ढाबेवाल्याने कुकर दाखवून सांगितलं यात केलाय म्हणून एवढा तरी शिजला. उंचावर पाणी नव्वदीच्याही खालीच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ तर शिजतच नाही.

शीटप्रमाणे इथून जीपने चंद्रताल बघून रात्री मनाली. रस्ता उघडला होता, आठवड्यापूर्वीच. पण निघेपर्यंत दुपारचे दोन वाजलेले, आणि काही किलोमीटरवर जीपांची रांग. एक नाला रस्त्यावरून जात होता, म्हणजे एरवीही जातोच, पूल वगैरे काही नाही, पण दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढलं होतं. तपकिरी, दगड गडगडत आणणारं पाणी. आमच्या ड्रायव्हरने उतरून पाच मिनिटं नुसतं बघितलं, आणि गाडी वळवली. ग्रुपमधले दोघं त्याच्याशी भांडायला लागले, त्यांची दुसऱ्या दिवशीची फ्लाइट होती, त्यांना चंद्रताल आत्ताच हवा होता. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, सुबह पाँच बजे यही नाला बच्चा होता है।

ते दोघं दुसऱ्या जीपने मनालीला गेले, चंद्रताल न बघता. आमच्याकडे रिकामा रकाना होता. त्या संध्याकाळी मी छत्रूच्या तंबूत बसून त्या मित्राला मनातल्या मनात नमस्कार केला, नेटवर्क नव्हतं नाहीतर फोनच केला असता.

दिवस ८: चंद्रताल

पाच वाजता निघालो. नाला खरंच बच्चा, अर्धं चाक पण बुडलं नाही. बातलपर्यंत रस्ता म्हणजे दगडगोट्यांना दिलेलं नाव आहे, तळ्यापर्यंतच्या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरला साडेतीन तास, बसून बसून कंबर गेली. गाडी तळ्यापासून अलीकडे थांबते, पुढे चालत. तळ्याकाठी तंबू टाकायला बंदी आहे, कॅम्प काही किलोमीटर लांब, आणि ते योग्यच आहे, २००५ पासून हे रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे.

तळ्याचं वर्णन मी करत नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत. फोटोत येत नाही ते एवढंच की तिथे आवाज नसतो. शेजारून कोणीतरी ब्लूटूथ स्पीकर काढला, तर आमच्या भाचीने जाऊन त्याला सांगितलं, "काका, प्लीज." काकांनी बंद केला.

परतताना नाला परत चढायच्या आत पार, मग कोकसर, आणि अटल बोगद्यातून मनाली. नऊ किलोमीटरचा बोगदा, लाहौलच्या बाजूने कडक उन्हात शिरलो आणि पलीकडे बाहेर पडलो तर पाऊस. जी रांग पार करायला आम्हाला चार दिवस आणि एक नख लागलं ती दहा-पंधरा मिनिटांत खालून. बोगद्यातून बाहेर येताच फोन टुंग टुंग वाजायला लागले. ताईचे एकोणीस मिस्ड कॉल.

"कशी आहे?"

"मस्त आहे. एक दिवस डोकं दुखलं होतं थोडं."

पलीकडे शांतता. मग, "फोन तिला दे."

दिवस ९: वशिष्ठ

आता कबूल करतो, मित्राने शीट साफ केल्यावर मी या दिवशीच्या सकाळी गुपचूप परत पॅराग्लायडिंग घातलं होतं. सोलंग, नऊ वाजता. नऊ वाजता तिघंही झोपलेलो. साडेअकराला बायको लंगडत उठली आणि म्हणाली मला गरम पाणी हवंय, मग वशिष्ठला गेलो. गंधकाच्या वासाचं कढत पाणी, बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं. मी पाय घातला, काढला, परत घातला, आणि मग मानेपर्यंत बसलो. शेजारी एक मेंढपाळ बाबा डोळे मिटून बसलेले. त्यांनी एक डोळा उघडून माझ्या काळ्या नखाकडे बघितलं आणि विचारलं, "हमता?"

मी हो म्हणालो. त्यांनी डोळा परत मिटला.

रात्रीच्या बसमध्ये गोळी आधी घेतली. भाची खिडकीशी बसून माझ्या फोनवर ते शीट उघडून बसली होती, खाली नवीन टॅब काढला होता, पुढच्या वर्षीचं नाव टाकून. सात दिवसांचा ट्रेक. दिवस तिसरा आणि सहावा, दोन्ही रकाने रिकामे सोडलेले.